बरोबर आलेल्या उत्तराची उलटतपासणी: लिथियम, पाणी आणि हायड्रोजनचा हिशोब

पार्श्वभूमी

एका महाविद्यालयातल्या पहिल्या वर्षाच्या रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात घडलेलं हे प्रकरण आहे. माणसांची नावं आणि ठिकाण गाळलं आहे.

प्रयोग जुनाच. लिथियमचा छोटा तुकडा तोलायचा, पाण्यात टाकायचा, निघालेल्या हायड्रोजनचं आकारमान मोजायचं आणि त्यावरून लिथियमचं अणुवस्तुमान काढायचं. मग फ्लास्कमध्ये उरलेल्या लिथियम हायड्रॉक्साइडचं, म्हणजे अल्कलीचं, हायड्रोक्लोरिक आम्लाशी टायट्रेशन करून (ते उदासीन व्हायला किती आम्ल लागलं हे मोजून) तेच अणुवस्तुमान दुसऱ्या वाटेनं काढायचं. मोल म्हणजे कणांची ठरावीक संख्या; एक मोल अणूंचं ग्रॅममधलं वजन म्हणजेच अणुवस्तुमान. दोन मोल लिथियम दोन मोल पाण्याशी क्रिया करतं, तेव्हा दोन मोल हायड्रॉक्साइड आणि एक मोल हायड्रोजन मिळतो. सोडियम आणि पोटॅशियमला हाच दोनास एक हिशोब लागू पडतो. कॅल्शियमला मात्र एकास एक.

लिथियम निवडण्यामागे दोन कारणं आहेत. सोडियम क्रियेच्या उष्णतेनं वितळून गोळी होतो आणि पाण्यावर सैरावैरा पळतो, पोटॅशियम तर पेटच घेतो. लिथियम १८० अंश सेल्सिअसच्या पुढे वितळतं, त्यामुळे ते घनरूपातच तरंगत फसफसत राहतं. दुसरं म्हणजे ते हलकं आहे. एक दशांश ग्रॅम सोडियमपेक्षा एक दशांश ग्रॅम लिथियममधून तिपटीहून जास्त वायू निघतो, आणि मोजायला वायू जितका जास्त तितकी वाचनातली चूक कमी भोवते.

मांडणीही नेहमीचीच होती. २५० मि.लि.चा कोनिकल फ्लास्क, त्यात १०० मि.लि. पाणी, रबरी बूच, वाहकनळी, आणि पाण्याच्या ट्रफमध्ये उपडं धरलेलं २५० मि.लि.चं मोजपात्र. लिथियम खनिज तेलात ठेवलेलं. सूचनापत्रात ‘गाळणकागदानं टिपून घ्या’ एवढंच लिहिलेलं. तुकडा पाण्यात टाकायचा आणि चटकन बूच लावायचं. शेवटी मोजपात्र वरखाली करून आतली आणि बाहेरची पातळी एक करायची आणि वाचन घ्यायचं. पातळी न जुळवता आत १० सें.मी. पाणी चढलेलं राहिलं, तर आतला दाब साधारण १ किलोपास्कलनं कमी राहतो, म्हणजे एक टक्क्याची चूक. हे त्या वर्गात सगळे न विसरता करत होते.

हिशोबासाठी सूचनापत्रात एकच ओळ होती: मोजलेलं आकारमान लिटरमध्ये घ्या आणि २२.४ नं भागा.

प्रयोगशाळा समुद्रसपाटीपासून बरीच उंच आहे. दाराजवळ वायुभारमापक टांगलेला आहे, पण प्रात्यक्षिकाच्या वेळी त्याच्याकडे कोणी बघत नसे. प्रयोगशाळेतले मामा मात्र रोज सकाळी तापमान आणि दाब एका वहीत लिहून ठेवत. त्या दिवशीची नोंद होती २७ अंश सेल्सिअस, ९५.० किलोपास्कल.

अडचण

तीन गटांचे आकडे फळ्यावर लागले.

गट अ: लिथियम ०.१०४ ग्रॅम, वायू १६८ मि.लि., अणुवस्तुमान ६.९३.
गट ब: लिथियम ०.०९५ ग्रॅम, वायू १७१ मि.लि., अणुवस्तुमान ६.२२.
गट क: लिथियम ०.११० ग्रॅम, वायू १६० मि.लि., अणुवस्तुमान ७.७०.

अ गटाचा हिशोब असा होता: ०.१६८ ÷ २२.४ = ०.००७५० मोल हायड्रोजन, त्याच्या दुप्पट ०.०१५० मोल लिथियम, आणि ०.१०४ ÷ ०.०१५० = ६.९३. पुस्तकातला आकडा ६.९४. सगळ्या टेबलांवरून माना वळल्या. ब गटाला ‘पुन्हा करा’ असा शेरा मिळाला.

गाडी अडली ती टायट्रेशनपाशी. ते त्या दिवशी अ गटाचंच पूर्ण झालं होतं. फ्लास्कमधल्या १०० मि.लि. द्रावणापैकी २५ मि.लि. घेतलं, त्याला ०.१०० मोलर (लिटरमागे ०.१०० मोल) आम्ल ३३.६ मि.लि. लागलं. म्हणजे २५ मि.लि.मध्ये ०.००३३६ मोल अल्कली, पूर्ण द्रावणात ०.०१३४४ मोल, आणि अणुवस्तुमान ७.७४. एकाच तुकड्यातून वायूच्या वाटेनं ६.९३ आणि टायट्रेशनच्या वाटेनं ७.७४.

अ गटानं वहीत निष्कर्ष लिहून टाकला: ‘वायूवरून आलेलं उत्तर प्रमाणित मूल्याशी जुळतं; टायट्रेशनमध्ये प्रयोगकर्त्याची चूक झाली असावी.’ असं वाक्य रसायनशास्त्राच्या दर दुसऱ्या प्रयोगवहीत सापडतं आणि बहुतेकदा त्यावर सहीही होते.

सही होण्याआधी ब गटातल्या एका मुलीनं हरकत घेतली. ‘मॅडम, आमचं बूच सगळ्यात आधी लागलं. आमचा वायू सगळ्यात कमी वाया गेला. मग आमचंच उत्तर सगळ्यात वाईट कसं?’

तक्रारीचा सूर गुणांचा होता, पण प्रश्न रास्त होता. मॅडमनी वह्या बाजूला ठेवल्या.

कोणते मार्ग होते

सह्या करून पुढच्या प्रयोगाकडे वळणं हा पहिला मार्ग. अभ्यासक्रम मागे पडला होता, त्यामुळे तो अगदीच गैर वाटला नसता. दुसरा मार्ग अ गटाला टायट्रेशन पुन्हा करायला लावण्याचा. हा वरवर शहाणपणाचा वाटतो, पण पिपेटनं दुसरे २५ मि.लि. घेऊन पुन्हा ३३.५ किंवा ३३.७ आलं असतं, तर आहे तिथेच थांबणं भाग होतं. तिसरा, तिन्ही गटांकडून सगळा प्रयोग पुन्हा करून घेणं. त्यातही सूचनापत्र तेच राहणार होतं.

मॅडमनी चौथा मार्ग घेतला: काचसामानाला हात लावण्याआधी आहेत तेच आकडे कागदावर तपासायचे. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय हाच. त्यामागे त्यांनी मुलांना विचारलेला एक प्रश्न होता: या प्रयोगात होऊ शकणाऱ्या प्रत्येक चुकीनं उत्तर वर जातं की खाली?

मुलांनी यादी केली. तुकड्यावर तेल राहिलं, तर वजन वाढतं पण वायू वाढत नाही, उत्तर वर. पृष्ठभागावर ऑक्साइड असेल, तर तेही वजनात मोजलं जातं आणि हायड्रोजन देत नाही; उत्तर वर. बूच लागेपर्यंत वायू निसटला, वर. थोडा हायड्रोजन पाण्यात विरघळला. वर, पण नगण्य, कारण एक लिटर पाण्यात वातावरणाच्या दाबाखाली जेमतेम १८ मि.लि. हायड्रोजन मावतो आणि इथे फ्लास्कमध्ये पाणी होतं १०० मि.लि. नेहमी नावं घेतली जातात त्या सगळ्या चुका उत्तर ६.९४ च्या वर ढकलणाऱ्या निघाल्या.

मग ब गटाचं ६.२२ आलं कुठून? ६.९४ च्या खाली जायचं तर वायूचे मोल खऱ्यापेक्षा जास्त मोजले जायला हवेत. तेलानं, गंजानं किंवा गळतीनं ते होणं शक्य नाही. गरम वायू मोजला गेला, बूच दाबताना हवा आत ढकलली गेली, काटा कमी दाखवत होता, किंवा आकारमानाचे मोल करतानाच चूक झाली, एवढ्याच वाटा उरतात. उत्तर पुस्तकापेक्षा दहा टक्क्यांनी खाली होतं. पहिल्या दोन कारणांनी एवढी तफावत पडत नाही. काटा तिन्ही गटांना एकच होता आणि मामांनी प्रमाणित वजन ठेवून तो तिथल्या तिथे तपासून दिला.

उरला २२.४.

काय केलं: आधी कागदावर

२२.४ लिटर हे एक मोल आदर्श वायूचं आकारमान आहे खरं, पण ते ० अंश सेल्सिअस आणि १ वातावरण दाबाला. आययूपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं १९८२ मध्ये प्रमाण दाब १ वातावरणाऐवजी १०० किलोपास्कल केला. त्या व्याख्येनं हाच आकडा २२.७ होतो. २५ अंशांना आणि १ वातावरणाला तो २४.५ असतो. एका विद्यार्थ्यानं सुचवलं, ‘मग खोलीच्या तापमानाचा २४ घेऊ या, पुस्तकात आहे.’ मॅडमनी नकार दिला. २४ हा आकडाही १ वातावरण दाब आणि कोरडा वायू गृहीत धरतो, आणि त्या खोलीत दोन्ही नव्हतं. एक पाठ केलेला आकडा काढून दुसरा घालण्यात काही अर्थ नव्हता.

मामांची वही आणली. दाब ९५.० किलोपास्कल. वायू पाण्यावर गोळा केलेला, म्हणजे त्यात पाण्याची वाफही आहे. २७ अंशांना पाण्याचा बाष्पदाब ३.६ किलोपास्कल असतो. डाल्टनच्या आंशिक दाबाच्या नियमानं (मिश्रणाचा दाब म्हणजे त्यातल्या प्रत्येक वायूच्या दाबाची बेरीज) पाण्याचा वाटा वजा केला की उरतात ९१.४ किलोपास्कल. तापमान ३००.१५ केल्विन. आता ८.३१४ × ३००.१५ ÷ ९१.४ = २७.३ लिटर. त्या दिवशी, त्या खोलीत, पाण्यावर गोळा केलेल्या एक मोल हायड्रोजननं २७.३ लिटर जागा व्यापली असती. सूचनापत्र २२.४ म्हणत होतं. फरक बावीस टक्क्यांचा.

इथे एकानं चांगला प्रश्न काढला. मोजपात्रात आधी फ्लास्कमधली हवाच येते, हायड्रोजन बराचसा फ्लास्कमध्येच राहतो. मग मोजलेलं आकारमान हायड्रोजनचं कसं? उत्तर असं की, जितका वायू नव्यानं तयार होतो तितकाच बाहेर ढकलला जातो. बाहेर काय आलं याला महत्त्व नाही, किती आलं याला आहे. फ्लास्कमधली हवा आधीपासून पाण्याच्या सान्निध्यात दमट झालेली असते, त्यामुळे बाष्पदाबाची वजाबाकीही तशीच लागू पडते. फक्त शेवटी फ्लास्क सुरुवातीच्या तापमानाला परत आलेला हवा. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नवे आकडे फळ्यावर लागले तेव्हा क्रमच फिरला. गट अ ८.४५, गट ब ७.५८, गट क ९.३८. आता तिन्ही उत्तरं ६.९४ च्या वर होती आणि त्यातल्या त्यात जवळ होता ब गट, ज्याला ‘पुन्हा करा’ म्हटलं होतं.

अ गटाच्या ६.९३ चं रहस्यही उलगडलं. ०.१०४ ग्रॅम शुद्ध लिथियममधून त्या दिवशी २०५ मि.लि. वायू यायला हवा होता. आला १६८, म्हणजे ८२ टक्के. चुकीच्या मोलर आकारमानानं, म्हणजे एका मोलसाठी धरलेल्या २२.४ लिटरनं, मोल फुगवले होते १.२२ पटीनं. ०.८२ गुणिले १.२२ बरोबर १.००. दोन चुकांनी एकमेकींना सांभाळून घेतलं होतं. ब गटानं पहिली चूक कमी केली, म्हणून दुसरी उघडी पडली.

दोन संशयित

आता प्रश्न उलटा झाला. अ गटाचे ३७ मि.लि. गेले कुठे?

इथे ज्याला चूक म्हणून बाजूला टाकलं होतं ते टायट्रेशन कामी आलं. दोन्ही पद्धती एकाच गोष्टीची मोजणी करत नाहीत. वायू फक्त धातूरूपातलं लिथियम मोजतो. टायट्रेशन धातूही मोजतं आणि ऑक्साइडही, कारण लिथियम ऑक्साइड पाण्यात जाऊन हायड्रॉक्साइडच देतं. निसटलेल्या वायूचं टायट्रेशनला सोयरसुतक नसतं. त्याचं हायड्रॉक्साइड फ्लास्कमध्येच राहिलेलं असतं. आणि तेल? ते दोघांनाही दिसत नाही, फक्त काट्याला दिसतं.

अ गटाच्या तुकड्यात टायट्रेशननं ०.०१३४४ मोल लिथियम दाखवलं, वायूनं ०.०१२३१. फरक ०.००११३ मोल. याचे दोन खुलासे शक्य होते.

पहिला: फरक ऑक्साइडचा आहे. मग धातू ०.०८५४ ग्रॅम आणि लिथियम ऑक्साइड ०.०१६९ ग्रॅम, एकूण ०.१०२३, उरलेले दीड-दोन मिलिग्रॅम तेलाचे. वजन जवळजवळ जुळतं. ऑक्साइडऐवजी सगळं हायड्रॉक्साइड धरलं, तर बेरीज ०.११२ च्या पुढे जाते, तुकड्याच्या वजनापेक्षाही जास्त. म्हणून तो पर्याय बाद.

दुसरा: फरक गळतीचा आहे. ०.००११३ मोल लिथियमचा वायू होतो साडेपंधरा मि.लि. क्रिया सुरुवातीला जोरात असते. बूच बसेपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत दहा-पंधरा मि.लि. निसटणं अशक्य नाही. मग धातू ०.०९३३ ग्रॅम आणि उरलेले जवळपास ११ मिलिग्रॅम तेल. ‘गाळणकागदानं टिपून घ्या’ एवढीच सूचना असताना हेही पटण्यासारखं होतं.

दोन्ही गोष्टी आकड्यांत बसत होत्या. कागदावरचं काम इथे संपलं. वर्गात मतं पडली. बहुतेकांचा कौल गळतीला होता, कारण गळती कानांनी ऐकलेली होती. मॅडमनी कौल न घेता पुढच्या आठवड्याचा तास मागून घेतला.

काय केलं: मग टेबलावर

मांडणीत दोन बदल झाले. तुकडा गाळणकागदानं टिपण्याऐवजी पेट्रोलियम ईथरमध्ये खळबळून धुवायचा आणि सुकू द्यायचा. ईथर आणि हायड्रोजन दोन्ही ज्वलनशील, त्यामुळे खोलीतले सगळे बर्नर बंद. हायड्रोजन हवेत ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत पेट घेऊ शकतो आणि फ्लास्कमध्ये नेमकं तसलंच मिश्रण असतं. दुसरा बदल म्हणजे तुकडा पाण्यात टाकायचाच नाही. तो एका लहान कोरड्या काचनळीत ठेवून ती नळी फ्लास्कमध्ये तिरकी उभी करायची, बूच घट्ट बसवायचं, मग वाहकनळीवर मोजपात्र आणायचं आणि त्यानंतर फ्लास्क कलता करून नळी पाण्यात आडवी पाडायची. यात गळतीला वाव नाही आणि बूच दाबताना ढकललेली हवाही मोजपात्रात जात नाही.

हवामानानं साथ दिली. तापमान तेच, दाबही तोच, त्यामुळे मोलर आकारमान पुन्हा २७.३ लिटर.

पहिल्या चाचणीत जुना, काळपट पृष्ठभाग असलेलाच तुकडा घेतला, फक्त धुतला. वजन ०.१०२ ग्रॅम. वायू १८० मि.लि.; त्यावरून अणुवस्तुमान ७.७४. टायट्रेशनला ३४.८ मि.लि. आम्ल, त्यावरून ७.३३. तेल गेलं, गळती गेली, तरी दोन उत्तरांत फरक राहिलाच. वायूवरून धातू ०.०९१५ ग्रॅम, फरकावरून ऑक्साइड ०.०११० ग्रॅम, बेरीज ०.१०२५, काट्यावर ०.१०२. एका मिलिग्रॅमच्या आत. तुकड्याचा सुमारे दहावा हिस्सा ऑक्साइड होता.

दुसऱ्या चाचणीत तुकड्याच्या सगळ्या बाजू तेलाखालीच पात्यानं कापून काढल्या, आतला चकचकीत भाग घेतला, धुतला, तोलला. ०.०९८ ग्रॅम. पूर्ण शुद्ध असता तर १९३ मि.लि. यायला हवे होते, आले १८८. अणुवस्तुमान वायूवरून ७.१२, टायट्रेशनवरून (३५.० मि.लि.) ७.००. दोन्ही वाटा एकमेकींच्या जवळ आल्या आणि पुस्तकाच्याही. कापल्यावर तोलेपर्यंत ती चकाकी डोळ्यांदेखत मंदावत होती. उरलेल्या फरकाचं बरंचसं कारण तिथेच असावं.

निष्पत्ती

अ गटाच्या तुकड्यावरही दहावा हिस्सा ऑक्साइड धरला, तर ३७ मि.लि.चा हिशोब असा लागतो: ऑक्साइडपायी १९, तेलापायी ११ आणि गळतीपायी सहा-सात. वर्गाचा कौल ज्या गळतीला होता ती सगळ्यात लहान निघाली.

वह्यांमधले शेरे बदलले. अ गटाचा शेरा ‘उत्तम’वरून ‘हिशोब दुरुस्त करा’वर आला, ब गटाचा ‘पुन्हा करा’ खोडला गेला. अ गटाला ते रुचलं नाही, आणि त्यांचंही थोडं बरोबर होतं: सूचनापत्रात लिहिलं तेच त्यांनी केलं होतं. शेवटी गुण उत्तर किती जवळ आलं यावर न देता नोंदी आणि चर्चेवर देण्यात आले.

सूचनापत्रातून २२.४ गेला. त्या जागी तापमान, दाब आणि बाष्पदाब लिहायचे तीन रकाने आले. शिवाय ‘अपेक्षित आकारमान आधी काढा’ ही पायरी सुरुवातीला आली. ती गुणांपेक्षा मोजपात्रासाठी जास्त गरजेची होती. जुन्या हिशोबानं ०.१५ ग्रॅम लिथियममधून २४२ मि.लि. वायू येतो आणि २५० च्या मोजपात्रात तो मावेल असं वाटतं. त्या खोलीत तो प्रत्यक्षात २९५ मि.लि. भरला असता आणि मोजपात्राच्या तोंडातून बुडबुडे बाहेर पडले असते. आता वरची मर्यादा ०.१२ ग्रॅम आहे.

विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी आक्षेप घेतला की पहिल्या वर्षाच्या मुलांवर बाष्पदाबाचं ओझं कशाला. मला तो पटत नाही. ज्याला दोनास एकचा मोल हिशोब जमतो त्याला दाबातून एक संख्या वजा करणं जड जायचं कारण नाही. जड जातं ते २२.४ ला सोडणं.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या चाचणीत धुणं आणि काचनळी असे दोन बदल एकदम केले गेले. त्यामुळे तेलाचे ११ आणि गळतीचे सहा-सात ही विभागणी थेट मोजलेली नाही. अ गटाच्या तुकड्यावर तितकंच ऑक्साइड होतं या गृहीतकावर ती उभी आहे. धुतलेला तुकडा जुन्याच पद्धतीनं हातानं टाकून एक तिसरी चाचणी झाली असती, तर गळती वेगळी काढता आली असती. तास एकच होता, हे खरं.

दुसरी उणीव थंड होण्याची. लिथियमच्या क्रियेत दर मोलमागे साधारण २२२ किलोज्यूल उष्णता निघते. एवढ्याशा तुकड्यानंही १०० मि.लि. पाणी सुमारे सात अंशांनी तापतं. वरची दीडशे मि.लि. हवा तितकीच तापली तर ती प्रसरण पावून, शिवाय वाढलेल्या बाष्पदाबामुळे, मोजपात्रात पाच-सहा मि.लि. उगाच ढकलते. अ गट वाचनाआधी थांबला होता की नाही याची नोंद वहीत नाही आणि विचारल्यावर प्रत्येकाची आठवण वेगळी निघाली. ते थांबले नसतील तर खरी गळती सहा-सात नव्हे, बारापर्यंत जाते. ‘वाचनाची वेळ’ असा रकाना नव्या पत्रात अजूनही नाही. तो असायला हवा.

ऑक्साइड हा शब्दही इथे जरा सैल वापरला आहे. लिथियम हवेतल्या नायट्रोजनशीही क्रिया करतं आणि नायट्राइडचा काळपट थर धरतं, ते पाण्यात गेलं की हायड्रॉक्साइडबरोबर अमोनिया देतं. टायट्रेशनचा शेवट रंग बदलून दाखवणारं दर्शक म्हणून मिथिल ऑरेंज वापरलं, तर टायट्रेशनमध्ये तो अमोनियाही अल्कली म्हणून मोजला जातो. पहिल्या चाचणीतला सगळा फरक नायट्राइडचा धरला, तर वजनाची बेरीज चार मिलिग्रॅमनं कमी पडते. सगळा हायड्रॉक्साइडचा धरला, तर सात मिलिग्रॅमनं जास्त होते. ऑक्साइड सगळ्यात जवळ बसतं, पण थोडं नायट्राइड आणि थोडं हायड्रॉक्साइड यांचं मिश्रणही तितकंच जवळ बसू शकतं. फ्लास्कच्या तोंडाशी ओला लाल लिटमस धरून पाहिला असता, तर निदान अमोनियाचा सुगावा लागला असता.

काटा तीन दशांशांचा होता. ०.१०० ग्रॅमच्या तुकड्यात एक मिलिग्रॅम म्हणजे एक टक्का, म्हणून ६.९३ की ६.९४ असला वाद या प्रयोगात मुळात संभवतच नाही. शिवाय लिथियमचं अणुवस्तुमान हा एकच एक आकडाही नाही: नमुन्यातल्या समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंच्या) प्रमाणाप्रमाणे आययूपॅक ते ६.९३८ ते ६.९९७ असं पट्ट्यात देतं. अ गटाचं ‘अचूक’ उत्तर त्या पट्ट्यातही बसत नव्हतं, हे कळल्यावर ब गट पोटभर हसला.

क गटाचं ९.३८ मात्र अनुत्तरितच राहिलं. तेल, ऑक्साइड की गळती, हे त्यांच्या टायट्रेशनवरून ठरलं असतं. पण तास संपताना त्यांनी द्रावण सिंकमध्ये ओतून फ्लास्क धुऊन ठेवला होता. आकडे फळ्यावर लागेपर्यंत फ्लास्क रिकामा करायचा नाही, ही ओळ सूचनापत्रात आता ठळक अक्षरात आहे.